मागेल त्याला काम: मर्यादा कुणावर?



आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘बहात्तर साल’ एवढे दोन शब्द उच्चारले की म्हातारी माणसे पुढचे आपोआप सांगू लागतात. खडी फोडायची कामे, पाझर तलावांची माती, कामावर वाटलेली सुकडी, रेशनवर मिळालेली ती तांबडी मिलो. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांनीही तो घरात ऐकलेला आहे. परंतु त्या कामांविषयी एक गोष्ट सहसा कुणी विचारीत नाही. सरकारी कामावर कोणाला घ्यायचे, कितीजणांना घ्यायचे, किती दिवस ठेवायचे आणि किती लांब न्यायचे, हे ठरवीत होते कोण? आणि कशाच्या आधारावर?

प्रश्न साधा वाटतो. पण हातात टिकाव-घमेले घेऊन जो माणूस कामाच्या जागी येतो आणि ‘मस्टर भरले, परत जा’ असे ऐकतो, त्याच्या घरची चूल या एका प्रश्नावर अवलंबून असते. म्हणून कामावर घेण्याच्या मर्यादांचा हा इतिहास आपण थोडक्यात पाहू. पाहताना एकच खूणगाठ मनाशी ठेवावी. कोणताही नियम समोर आला, की विचारायचे: ही मर्यादा मजुरावर घातलेली आहे, की सरकारवर?

आता थोडे मागे जाऊ. इ. स. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारची बार्शी आणि सोलापूर मात्र इंग्रजी अमलाखाली होती. इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली. पण सरकारला धास्ती अशी, की पोटाला मिळते म्हटल्यावर गरज नसलेलीही माणसे येतील आणि खजिना रिता होईल. मग गरजू कोण हे ओळखायचे कसे? त्यासाठी कसोट्या काढल्या. पहिली कसोटी अंतराची: काम गावापासून कित्येक मैल दूर ठेवायचे, म्हणजे अगदीच नडलेला माणूसच घरदार सोडून येईल. दुसरी मजुरीची: मजुरी इतकी थोडी ठेवायची, की ज्याला दुसरीकडे चार पैसे मिळतात तो इकडे फिरकणार नाही. तिसरी कष्टाची: नेमून दिलेले काम पुरे केले तरच मजुरी.

सर रिचर्ड टेंपल यांनी आखून दिलेल्या मजुरीत दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे मिळत. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे एवढ्यात काय होणार? १८७७ साली मुंबई इलाख्यातले मजूर हजारोंच्या संख्येने काम सोडून उठले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली आणि सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, ते या सभेचे प्रमुख चालक होते. दुष्काळात कामावरच्या मजुरांनी संप करावा, ही गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांना मोठी नवलाची वाटली. परंतु त्यात नवल काही नव्हते. मर्यादा सगळ्या मजुरावर होत्या. त्याच्या हातात काम सोडून उठण्यापलीकडे काहीच नव्हते.

पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्याच्या पाठोपाठ प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. कामे केव्हा काढायची, मजुरी कशी ठरवायची, म्हाताऱ्या-अपंगांना काय द्यायचे, हे सारे लिहून ठेवले गेले. लिहिलेला नियम ही मोठी सुधारणा होती. पण तो नियम अधिकाऱ्यांसाठी होता. रयतेला त्यातले काही ठाऊक नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी नेमके हेच काम हाती घेतले. संहितेत काय आहे, सारा केव्हा तहकूब होतो, काम केव्हा मिळायला हवे, हे त्यांनी मराठीत छापून खेडोपाडी सांगितले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून तेच समजावले. सरकारला हे रुचले नाही. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. नियम सांगणे एवढाच त्यांचा अपराध होता. गुरुजनहो, ही गोष्ट ध्यानात असू द्या. शेवटी तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. राज्य आपले झाले, तरी दुष्काळी कामांचे दार उघडण्याची रीत बरीचशी जुनीच राहिली. आधी पिकाची आणेवारी काढायची; ती खाली आली, की टंचाई जाहीर व्हायची; टंचाई जाहीर झाली, की कलेक्टरसाहेब कामे मंजूर करायचे. म्हणजे काम निघे ते पिकाच्या अंदाजावर. मजुराने ‘मला काम हवे’ म्हटल्याने ते निघत नसे. आणेवारी जरा चढी लागली तर शेजारच्या गावात काम आणि आपल्या गावात नाही, असेही व्हायचे. ज्याला शेतच नाही, त्या भूमिहीनाचे पोट दुसऱ्याच्या शेताच्या आणेवारीला बांधलेले होते.

त्यातच १९७० पासून तीन वर्षे ओळीने पाऊस रुसला आणि १९७२ साली त्याने पाठच फिरवली. आपला जिल्हा त्या वेळी उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई आणि आजच्याहून पुष्कळ मोठा होता; लातूर, उदगीर, औसा, निलंगा, अहमदपूर हे सारे त्यातच होते. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. राज्यात ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली, त्यांत आपला जिल्हा होता. कामे काढावी तितकी थोडी पडत. जिथे काम नव्हते तिथे माणसांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांना घेराव घातले. एक काम संपले की लोक दुसऱ्या कामाकडे चालत गेले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एवढ्या माणसांना काम देता येते, हे सरकारला आणि लोकांना, दोघांनाही त्या वर्षी कळून आले. इतके भयंकर अवर्षण पडूनही भूकबळींचा जुना इतिहास पुन्हा घडला नाही, याचे मोठे श्रेय अभ्यासक या कामांनाच देतात.

याच सुमारास एक वेगळा विचार आकाराला येत होता. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, १९६५ साली एकात्मिक क्षेत्रविकासाचा प्रयोग सुरू झाला होता. त्यामागे होते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. गावातली पडीक जमीन, बांध, नाले, ओढे यांची कामे काढली तर गावच्या रिकाम्या हातांना गावातच काम मिळते आणि दुष्काळाची मुळेही छाटली जातात, हे त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांचा प्रश्न असा: काम दुष्काळातच का द्यायचे? जो अंगमेहनत करायला तयार आहे, त्याला केव्हाही काम का नको? वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, रोजगार हमी योजना जाहीर झाली. दुष्काळाच्या धामधुमीत ती मागे पडली आणि १९७४ पासून पुन्हा नेटाने सुरू झाली. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द तेव्हापासून गावोगावच्या भिंतींवर आले.

१९७७ साली विधिमंडळाने याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम हा हक्क मानणारा असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला. त्यात काय होते? खेड्यात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क. लक्षात घ्या, हक्क माणसागणिक होता, घरागणिक नव्हता. नवऱ्याने नाव नोंदवले म्हणून बायकोचे नाव मागे पडत नव्हते. सातबारा किती मोठा हे विचारायचे नाही, आणेवारी किती लागली हेही विचारायचे नाही. मागणी केल्यापासून १५ दिवसांच्या आत काम द्यायचे. हमी जिल्ह्याच्या पातळीवरची, पण प्रत्यक्ष काम शक्यतो आपल्याच पंचायत समितीच्या हद्दीत. आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता. भत्ता अगदी किरकोळ होता, पुढे दिवसाला २ रुपये झाला. पण त्यामागचे तत्त्व किरकोळ नव्हते.

आता आपला सुरुवातीचा प्रश्न इथे लावून पाहा. अंतराची मर्यादा १८७७ साली मजुराला दमवण्यासाठी होती. आता तीच सरकारवर आली, की याला फार लांब नेऊ नका. मुदतीची मर्यादाही सरकारवर आली, की १५ दिवसांत काम द्या. शंभर वर्षांत मर्यादेचे तोंड असे फिरले. माझ्या मते आपल्या राज्याच्या इतिहासातील ही एक मोठी घटना आहे, आणि शाळेतल्या मुलांना लढायांच्या सनावळ्यांबरोबर तीही सांगायला हवी.

यासाठी पैसा कुठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातले पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वाटा उचलायचा, आणि तेवढीच भर सरकारने घालायची. गुरुजी, तुमच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून जी कपात दिसते ना, तिचा जन्म या योजनेतून झाला आहे.

पण नुसते गुणगान करून चालायचे नाही. त्या कायद्यातही मजुरावरच्या मर्यादा होत्याच. नवे काम काढायचे तर किमान ५० मजूर जमले पाहिजेत, असा नियम होता. शिवाय चालू कामांवर त्यांची सोय होत नसेल तरच नवे काम. मोठ्या गावाला हा आकडा जड नव्हता. पण समजा, डोंगरकुशीतला एखादा तांडा आहे आणि तिथे कामाला येणारे हात ३० आहेत. त्यांनी काय करायचे? आणखी २० माणसे गोळा होईपर्यंत वाट पाहायची, नाहीतर लांबच्या चालू कामावर जायचे. त्याशिवाय मजुराने सलग ३० दिवस काम करण्याची तयारी दाखवायची होती. आणि कोणते काम द्यायचे हे निवडणे सरकारकडे होते.

यापेक्षा मोठी अडचण कागदावर नसलेल्या मर्यादेची होती. १९८८ साली रोजगार हमीच्या मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले. मजुरी वाढली, की कामावर गर्दी वाढायला हवी, हे कुणीही सांगेल. पण झाले उलटे, हजेरी उतरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी महिन्यामहिन्याच्या हजेरीचे आकडे तपासले आणि १९९३ साली आपला निष्कर्ष मांडला: काम मागणारे होते, पण कामे पुरेशी काढली जात नव्हती. म्हणजे काय झाले बघा. कायदा तोच, हक्क तोच; फक्त खर्च वाढू लागल्यावर दार हळूच पुढे ओढले गेले. कुणी ‘नाही’ म्हणत नाही. अर्ज घेतला जात नाही, मस्टर निघत नाही, काम मंजुरीत अडकते. अशा मर्यादेविरुद्ध भांडणे सर्वांत अवघड, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते.

पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्याला पुढे महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. २००६ पासून टप्प्याटप्प्याने तो लागू झाला आणि २००८ पर्यंत देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. महाराष्ट्राचा अनुभव त्यामागे मोठ्या प्रमाणावर होता. १५ दिवसांची मुदत तशीच राहिली. पाच किलोमीटरच्या पलीकडे काम दिले तर मजुरीत दहा टक्के वाढ, असे ठरले. ५० मजुरांची अट ढिली झाली. या गोष्टी चांगल्याच झाल्या. पण एक नवी मर्यादा आली: वर्षाला १०० दिवस, आणि तेही कुटुंबामागे.

याचा हिशेब पाटीवर मांडून पाहा. घरात कामाची चार प्रौढ माणसे असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ दिवस. एकत्र कुटुंबात आठ असली, तर साडेबारा दिवस. १९७७ चा हक्क माणसाचा होता, इथे तो घराचा झाला. महाराष्ट्राने मात्र आपला जुना कायदा सोडला नाही. १०० दिवसांपर्यंतची मजुरी केंद्राच्या निधीतून आणि त्यापुढच्या दिवसांची राज्याच्या तिजोरीतून, अशी सांगड घातली गेली. म्हणजे शंभरावा दिवस ही केंद्राच्या खर्चाची रेघ होती, आपल्या राज्यातल्या मजुराच्या हक्काची रेघ नव्हती. किती गावांत ही गोष्ट ठाऊक होती? ‘तुमचे शंभर दिवस भरले’ एवढे ऐकून माणसे घरी परतली असतील, तर ती नियमामुळे नव्हे, नियम माहीत नसल्यामुळे परतली.

मर्यादेचा परिणाम आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी दिसतो. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती फेडण्यासाठी नवराबायको कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते, आणि मागे राहिली तर म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात पडतात. हे गुरुजींना मी काय सांगावे? हजेरीपटावर लाल रेघ त्यांनाच मारावी लागते. गावात रोजगार हमीचे काम केव्हा निघाले, याला म्हणून फार महत्त्व आहे. उचल घेण्याआधी काम हाती आले तर घर थांबू शकते. टोळी गेल्यावर निघालेले काम त्या घराच्या उपयोगाचे नाही.

अलीकडच्या काळात मर्यादा नव्या रूपाने आल्या. २०२२ साली केंद्राने ठरवले, की एका ग्रामपंचायतीत एका वेळी २० हून अधिक कामे चालू असू नयेत. २०२३ च्या जानेवारीपासून कामावरच्या मजुरांची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेण्याची सक्ती झाली. सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. खोटी मस्टरे, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी, अर्धवट सोडून दिलेली कामे, हे प्रकार घडले आहेत आणि ते मजुराच्याच पोटावर पाय देणारे आहेत. चोराला आवर घालायलाच हवा. पण नियम करताना पाहावे, की चोर अडतो की मजूर. माळरानावर मोबाइलला रेंज नसली आणि फोटो गेला नाही, तर दिवसभर माती वाहिलेल्या बाईची हजेरी बुडते. खोटे मस्टर लिहिणाऱ्याचे काय बिघडते?

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात कुटुंबामागे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. त्याचबरोबर पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात, वर्षातून एकूण ६० दिवस, कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. केंद्राने राज्यावार खर्चाची रक्कम आधी ठरवायची आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा, अशीही रचना आहे. दिवस वाढले हे खरे. पण आपली खूणगाठ इथेही सोडू नका. हंगामात मजूर मिळत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार रोजगार हमीइतकीच जुनी आहे आणि ती खोटी नाही. उलट बाजूने, हंगामात काम मिळेलच असे मजुराला कोण सांगणार? पाऊस ओढ देऊन पेरणीच लांबली, तर आपल्या कोरडवाहू जिल्ह्यात त्या दिवसांत ना शेतात काम, ना योजनेवर. असे दिवस ठरवताना गावच्या पावसाकडे पाहिले जाते की नुसत्या तारखेकडे, यावर पुष्कळ काही ठरेल. आणि पैशाची रेघ आधी ओढली असेल, तर १९८८ नंतर जे झाले ते पुन्हा होऊ नये, म्हणून राज्यालाही जागे राहावे लागेल.

मग आपण काय करायचे? फार मोठे काही नाही. काम मागायचे ते तोंडी मागू नये. ‘सरपंचाला सांगितलंय’ म्हणजे मागणी नव्हे. अर्ज लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी आणि तारखेची पोच घ्यावी. त्या पोचेच्या तारखेपासूनच १५ दिवस मोजले जातात आणि त्या दिवसापासूनच मर्यादा सरकारवर पडते. पोच नसेल तर कागदोपत्री तुम्ही काम मागितलेच नाही. आणि न मागितलेल्या कामाचा भत्ता कसला? चौघींनी मिळून एकाच दिवशी अर्ज दिले तर अधिक बरे. ग्रामसभेत कामांची यादी वाचली जाते, तेव्हा उठून विचारावे: ही कामे निघणार केव्हा, ऊसतोडीच्या आधी की नंतर?

आणि गुरुजनहो, तुमच्याकडे एक विनंती. १८९७ साली सार्वजनिक सभेने जे केले, त्याबद्दल तिला शिक्षा झाली. आज तेच काम करायला कुणाची आडकाठी नाही. नियम मराठीत छापलेले असतात. पण अर्जाचा नमुना पाहून बिचकणारी माणसे अजून प्रत्येक वस्तीवर आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेच्या ओट्यावर बसून तुम्ही चार अर्ज भरून दिलेत, पोच कशी मागायची हे समजावलेत, तर दिवाळीनंतर तुमच्या वर्गातली दोन-चार मुले बाकावर बसलेली दिसतील.